दंडाला बांधलेली पट्टी

सिस्टर, तुम्ही मला ते एकदाच सांगितलंत. दुसऱ्यांदा का सांगितलं नाहीत? त्यानंतर चार महिने आपण एकाच वॉर्डात होतो, तुमच्या डब्यातलं मी खात होते, पण तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. माझ्यावर भरवसा होता म्हणून, की ही काही जायची नाही हे तुम्ही ओळखलं होतंत म्हणून? अकरा वर्षं मी यावर विचार करते आहे आणि मला उत्तर येत नाही. तुम्हाला जाऊनही आता आठ वर्षं होतील, तेव्हा विचारायची सोयही राहिलेली नाही.

मे महिन्यातला रविवार होता. मी इंटर्न. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि तीही थेट डॉक्टर. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. मी स्टेथोस्कोप घरी आणला त्या दिवशी त्यांनी डोंबिवलीच्या आमच्या चाळीतल्या एकेकाला बोलावून ज्याचे त्याला छातीचे ठोके ऐकवले होते. त्या रविवारी वॉर्डात मी एकटीच डॉक्टर होते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला आनंद झाला होता. दुपारी कळव्याहून रिक्षात घालून एका माणसाला आणलं. तिशीचा कोळी, जाळी विणण्यात आणि दुरुस्त करण्यात हातखंडा असलेला. घरातल्या लाकडी खाटेला ढेकूण झाले होते. बाजारातल्या औषधाने ते मरेनात, म्हणून त्याच्या बायकोने कल्याणच्या पलीकडे शेती करणाऱ्या आपल्या भावाकडून शेतावर फवारायचं जहाल औषध आणलं. ते अंदाजाने पाण्यात कालवून हा माणूस दारं-खिडक्या लावून खाटेखाली उताणा झोपला आणि वर सांध्यांमध्ये फवारत राहिला. औषध त्याच्या तोंडावर आणि डाव्या डोळ्यात गळत होतं.

आला तेव्हा तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पुस्तकात होतं तसंच सगळं. कपडे काढून अंग धुवायला सांगितलं आणि विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू केलं. दर दहा मिनिटांनी बाहुली बघायची, ती मोठी होईपर्यंत सुई देत राहायची, असं मी पाठ केलं होतं. खाट भिंतीला लागून होती. मी त्याच्या डाव्या हाताला उभी. डाव्या डोळ्यात टॉर्च मारायचे, बाहुली बारीकच दिसायची, मी पुढची सुई भरायचे. उजवा डोळा बघायला वाकावं लागलं असतं.

तासाभरात घाम थांबला, छाती मोकळी झाली. मी थांबायला हवं होतं. पण बाहुली बारीक होती, म्हणून मी देत राहिले. मग तो बरळायला लागला, तोंड लालभडक झालं, अंग तापलं, आणि त्याची बोटं हवेत विचित्र हलायला लागली. मला वाटलं, विष चढतंय, झटके येतायत. त्याची बायको पायाशी उभी होती. ती म्हणाली, "झटके नाय बाय ते. जालं इनतो तो. बगा ना, गाठ मारतो." मी तिला म्हटलं, "तुम्ही बाहेर थांबा, आम्हाला आमचं काम करू द्या." 'आम्हाला' म्हटलं मी. होते एकटीच. तो खाटेवरून उतरू बघत होता, म्हणून वॉर्डबॉय मामांना त्याचा उजवा दंड पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधायला सांगितलं. मामा म्हणाले, "जास्त आवळायला नको, डॉक्टर." मी म्हटलं, "सुटला तर जबाबदारी तुमची. घट्ट बांधा." आणि आणखी दोनदा सुई दिली.

मग तुम्ही आलात. खालच्या मजल्यावर एक बाळंतीण अडली होती, तिथून हात पुसत. नाडीला हात लावलात, त्याच्या काखेत बोटं घातलीत. काख कोरडी ठणठणीत. मग खाटेवर गुडघा टेकून, त्याच्या अंगावरून पलीकडे वाकून तुम्ही उजव्या डोळ्याची पापणी उचललीत. बाहुली एवढी मोठी झाली होती की भोवतीचा रंग दिसत नव्हता. "काय गो डॉक्टर," तुम्ही म्हणालात, "देवानं मानसाला डोले दोन दिलेत ना? ज्या डोल्यात औषध गेलंय, तो बारीकच राहनार. थांबव ती सुई." आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं. अंग पुसायला ओले कपडे मागवलेत, लघवी तुंबली होती म्हणून नळी घातलीत, विष पुन्हा उसळी मारतंय का ते बघायला त्याच्याजवळ बसून राहिलात. पोट कसं तपासायचं, अंगाचा ताप कसा वाचायचा, ॲट्रोपिन जास्त झालेला माणूस कसा दिसतो, हे तुम्ही मला तिथेच दाखवलंत. तो वाचला. पट्टी मात्र दोघींपैकी कुणालाच आठवली नाही. चादरीखाली होती. संध्याकाळी सोडली तेव्हा दंडावर निळा वळ होता, आणि मनगट खाली लोंबत होतं.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी राउंडला विचारलं, "हात कशाने? विषाने?" अशा विषाने नसा जातात कधी कधी, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, "हो सर, असेल." केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. तुम्ही औषधांची गाडी ढकलत मागेच उभ्या होतात.

महिन्याने तो तपासणीला आला. मनगट जेमतेम उचलत होता, बोटं नाहीत. सोबत आई आणि बायको. आई बाहेरच्या बाकावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती, "हिच्या म्हायेरच्या औशदानं माज्या पोराचा हात खाल्ला. भाऊ कसला, वैरी!" बायको खाली मान घालून बसली होती. आपण दोघींनी ते ऐकलं. त्याच आठवड्यात रविवारी तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत. तुमचं ते चिंचेखालचं स्वयंपाकघर, चुलीचा धूर. तुम्ही तांदळाची भाकरी थापत होतात, मी सुके बोंबील निवडत होते. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "सुई जास्त झाली, ते शिकताना होतं. मीपन केल्यात चुका. पन ती बाई त्या औषधापायी रोज मार खाते गो, तोंडाचा. जा, सांग त्यांना." मी हो म्हटलं. तुम्ही भाकरी उलटलीत. निघताना तुम्ही घरी कुटलेला मसाला बाटलीत ठासून भरून दिलात. आईने तो पुरवून पुरवून वर्षभर वापरला. त्या मसाल्याचं कालवण मी बाजूला सारायचे, आणि कारण तिला सांगता यायचं नाही.

मी गेले नाही. आधी इंटर्नशिप संपायची होती, मग नोकरी लागायची होती, मग बाबा निवृत्त झाले आणि घर माझ्यावर आलं. कारणं खोटी नव्हती, सिस्टर. एकही खोटं नव्हतं. आता मी कल्याणला नव्या डॉक्टरांना शिकवते. दोन्ही डोळे बघा, काख बघा, छाती ऐका, बरळतोय म्हणजे विषच असं धरू नका, बांधलंत तर दर पंधरा मिनिटांनी गाठ सैल करून हात बघा. पावसाळ्याच्या तोंडाशी एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे पुस्तकात एवढं नाही. तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आमच्या सिस्टर होत्या." ती वहीत लिहून घेत होती, आणि मला दिसत होतं की मी अर्धंच उत्तर दिलंय. ज्याच्या अंगावर शिकले, तो माणूस मी गाळला होता.

गेल्या रविवारी मी कळव्याला गेले. पत्ता जुन्या केसपेपरवरून उतरवलेला अकरा वर्षं माझ्यापाशी होता. तिघंही घरात होती. तो आता वॉचमन आहे. म्हातारीला ऐकू कमी येतं. मी सांगून झाल्यावर ती म्हणाली, "काय सांगते ही?" तेव्हा सगळं पुन्हा सांगावं लागलं, या खेपेला मोठ्याने, एवढ्या मोठ्याने की शेजारीण दारात आली. विषाने नाही, औषधाने नाही, तुमच्या सुनेने नाही. माझ्या सांगण्यावरून बांधलेल्या पट्टीने. तो हसल्यासारखं करत म्हणाला, "म्हंजे वाचवला पन तुमीच, नि हात पन तुमीच घेतला." मी म्हटलं, "वाचवलं आमच्या सिस्टरांनी. हात मी घेतला." बायको मासे निवडत होती, तिचे हात थांबले. "अकरा वर्सं," ती म्हणाली, "माज्या भावानं या उंबऱ्याला पाय लावला नाय. राखीला मी नाक्यावर जाऊन बांधून येते. तुमाला एकदा येता नाय आलं?"

मी सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. किती सुया, कुणी बांधायला सांगितलं, केसपेपरवर काय खोटं गेलं, खाली माझी सही आणि नोंदणी क्रमांक. म्हटलं, तक्रार करायची असेल तर हा दाखवा, मी नाकारणार नाही. तिने हात पदराला पुसले. "तक्रारीचं हे बगतील," ती म्हणाली, "मना ह्यो माज्या भावाला दाखवाचाय." आणि हात पुढे केला.

हे पत्र टपालात पडणार नाही. पण तुम्हाला एवढं सांगते, सिस्टर, कारण तुम्ही असतात तर तुमच्या नजरेतून सुटलं नसतं. तिने कागद धरला तेव्हा मी तो लगेच सोडला नाही. तिला तो ओढून घ्यावा लागला.