रिजेक्ट झालेली रीडिंगं

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून बीपीची नोंद. डॉक्टरांनी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलं आहे. १३५/८५ च्या आत हवं. आकडे चांगले आले की अनुश्री पुण्याला परत जाईल. माझी बायको वसुंधरा गेल्यापासून, म्हणजे तीन महिने, मुलगी इथेच लॅपटॉप घेऊन बसली आहे. जावई तिकडे डबा मागवून खातो. मला एकट्याने राहायला काही अडचण नाही. मुळात मला शांतता आवडते.
रीडिंग १५२/९४. मशीन थंड असावं.
७.१०: १४४/९०.
७.२५: १३४/८४. हे लिहिलं.
पोलोग्राउंडच्या कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. टॉलरन्सच्या बाहेरचा नग रिजेक्ट, आतला पास. इथेही तेच.

७ जानेवारी.
शेजारचा शरदभिया आला. त्याचंही मोजलं. दोन कचोऱ्या खाऊन ११८/७६. म्हणाला, भाऊसाब, आप मशीनकडे असं बघता, जैसे इनकम टॅक्सवाला घरात शिरलाय. थोडं हसून बघा.
हसून बघितलं. १४९. रिजेक्ट.

८ जानेवारी.
अनुश्रीने शेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. इंदूरमध्ये शेवेशिवाय पोहे. मीठ मी सोडलंच आहे, शेव वेगळी गोष्ट आहे. स्टूल आणलं.
नंतरचं रीडिंग १५६. स्टुलावर चढल्यामुळे. रिजेक्ट.

११ जानेवारी, रविवार.
तक्ता पूर्ण. चौदाच्या चौदा रीडिंगं पास. त्यासाठी एकूण एक्केचाळीस घ्यावी लागली. कारखान्यात रिजेक्शन याहून कमी असायचं, पण तिथे माल चांगला होता.

१२ जानेवारी.
डॉक्टरांनी तक्ता बघितला. त्यांच्याकडे १४६ आलं, पण म्हणाले, दवाखान्यात बऱ्याच जणांचं वाढतं. घरचे आकडे उत्तम आहेत, गोळी नको, नोंद चालू ठेवा. अनुश्रीने तिथेच बसून मोबाइलवर तिकीट काढलं. गुरुवारचं. मी म्हटलं, फार छान झालं.
येताना रिक्षात ती गुणगुणत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.
मीही खुश आहे. हे लिहून ठेवतो.

१३ जानेवारी. सकाळी ७.
१३३/८४, पहिल्याच फटक्यात. पण एवढ्यावर लॉट पास करणं बरोबर नाही. दुसरी तपासणी हवी.
जिना तीनदा चढलो-उतरलो. फक्त मशीनची परीक्षा म्हणून. १६२/९८. हे लिहिलं.
अनुश्री चहा करत होती. तिला सहज दाखवलं. म्हणाली, बाबा, तुम्ही धापा का टाकताय?

१४ जानेवारी, संक्रांत.
यंदा आपल्याकडे सण नाही. शरदभियाच्या घरून तिळाचे लाडू आले.
संध्याकाळी अनुश्रीने मशीनचं एक बटण दाबलं आणि माझी सगळी रिजेक्ट रीडिंगं एकापाठोपाठ एक बाहेर आली. मशीन सगळं साठवून ठेवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओरडायचं होतं, पण हसूच आलं, असं म्हणाली. जिन्याचंही तिने ओळखलं.
मग स्वेटर काढायला लावला. मी बाहीवरूनच पट्टा बांधत होतो. पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हाताखाली घडी घातलेला टॉवेल. पाच मिनिटं बोलायचं नाही. तीही शेजारी बसून राहिली.
१२६/८०. मिनिटभराने पुन्हा १२४/८०.
म्हणाली, बघा, उगाच तमाशा. ठणठणीत आहात तुम्ही. बॅग भरायला गेली.
सगळं टॉलरन्सच्या आत. तक्रारीला जागा नाही.

१५ जानेवारी.
स्टेशनवर सोडून आलो. घर शांत आहे. मला हवं होतं तसंच.
शेवेचा डबा तिने जाताना खाली काढून ठेवला. मी खाल्ली नाही.

१६ जानेवारी. सकाळी ७.
स्वेटर काढला. टॉवेल, पाठ, पाय, सगळं बरोबर. पाच मिनिटं बोललो नाही. बोलायला कुणी नव्हतं.
१५८/९६. मिनिटभराने १५६/९६. दोन्ही लिहिली. फोटो काढून अनुश्रीला पाठवला.
तिचा मेसेज: बाबा, जिना पुरे आता. नाटक बंद. पुढे हसरा चेहरा.
७.४०: जिना चढलो नाही, असं टाइप केलं. पुसलं. ठीक आहे, असं पाठवलं.
८.३०: पुन्हा घेतलं. १५८. मशीन गरम-थंड काही नाही. मशीन ठीक आहे.
९.००: डॉक्टरांकडे फोन करून ११ चा नंबर लावला. शरदभिया म्हणाला, भाऊसाब, स्कूटरवर सोडतो ना. नको म्हटलं. माझं मी जाईन, मला एकट्याची सवय आहे.
१०.१५: शरदभियाच्या ओट्यावर बसलो आहे. तो अजून आंघोळ करतोय. थांबतो.