काळा पडलेला मॉनिटर

बाबा, काल दुपारी मी घरचा मॉनिटर दुरुस्त करायला घेतला. चालू केला की दोन सेकंद उजळायचा आणि काळा पडायचा. आई त्याच्यावर नातीशी बोलते, मोबाईलवर तिला चेहरा नीट दिसत नाही. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून स्क्रू काढायला लागलो तर आई म्हणाली, "झालं. आता ताटं मांडीवर घ्यायची का?" तुम्हालाही ती हेच म्हणायची. पिपलानीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये तुम्ही ओट्यावर रेडिओ उघडून बसायचात. एकदा मी म्हणालो होतो, "गेला हा, फेकून द्या." तुम्ही वर न बघता म्हणालात, "मीटर लावून पाहिलास? नाही ना? मग गप्प बस. फॅक्टरीत असं बोललो तर साहेब दारात उभं करणार नाहीत." मला तेव्हा फार राग आला होता.

काल माझ्याच्याने काही जमेना, म्हणून जवाहर चौकातल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. म्हटलं, "भैया, पूरा डेड है." तो हसला. "डेड कैसे, अंकल? चालू करो और टॉर्च मार के देखो. तिरछी पकड़ना." मी खिडकीचा पडदा ओढला आणि काळ्या काचेवर टॉर्च तिरपी धरली. आत सगळं होतं. नातीचा फोटो, फाइलींची नावं, कोपऱ्यातलं घड्याळ. घड्याळातलं मिनिट माझ्यासमोर बदललं. फक्त मागचा दिवा गेला होता.

मी टॉर्च बंद केली. आईने विचारलं, "लागला का रे?" मी नाही म्हणालो.

इतक्या वर्षांनी तुमचे दवाखान्यातले शेवटचे दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. झटक्यानंतर तुम्ही डोळे उघडत नाही, बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, यांना आता काही कळत नाही, आणि आम्ही ते लगेच मानतो. तुमच्या उशाशी बसून मी फोनवर विचारतो, माणूस गेल्यावर क्वार्टर किती दिवसांत सोडावं लागतं. आईला म्हणतो, "आता सुटले तर बरं. त्यांचेही हाल संपतील, आपलेही." आवाज खाली करायचंही सुचत नाही.

तुम्ही ऐकलं असेल का, हे आता कुणाला विचारू? दुरुस्तीवाला म्हणतो, दिव्याची पट्टी मिळाली तर दोन दिवसांत करून देतो. मॉनिटर अजून टेबलावर उघडाच पडला आहे. माझ्याने त्याच्याकडे बघवत नाही.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आई वाचेल. तिला मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी "सुटले तर बरं" म्हणालो तेव्हा माझा हात तुमच्या हातात होता. तुमची बोटं आवळली गेली. मी हात सोडवून घेतला, आणि डॉक्टरांना बोलावलं नाही.