ट्रबल या शब्दाचं पान

सर, तुमची वही माझ्याकडे नाही. हे एवढंच वाक्य सांगायचं होतं. तुम्ही तीनदा फोन केलात आणि तिन्ही वेळा मी वेगळंच काहीतरी बोलले. आता तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा आधी ते लिहून टाकते आणि मग बाकीचं.

लोहा तालुक्यातल्या आपल्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवायची तुमची एक रीत होती. नवा शब्द आला की त्याचा अर्थ तुम्ही फळ्यावर लिहायचा नाहीत. आम्ही तो शब्द घरी न्यायचा, घरातलं कुणी त्याला काय म्हणतं ते विचारायचं, आणि कशावरून म्हणालं तेही दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. त्या दिवशीचा शब्द होता ट्रबल. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता बाजार भरला. एकाच्या आजीने ‘घोर’ दिला होता, लेकीचं लग्न जमेना तेव्हाचा. एकाच्या वडलांनी एसटी चुकल्याचा ‘खोळंबा’, एकीच्या चुलतीने पाण्याच्या लाइनीत झालेली ‘आबदा’. देगलूरकडून सून म्हणून आलेल्या एका आईने तिच्या माहेरच्या तेलुगूतला ‘कष्टम’ पाठवला होता. एका मुलीने ‘जाच’ म्हटलं, तिला मात्र तुम्ही कशावरून ते विचारलंच नाही, मान हलवून लिहून घेतलं. हे सगळं तुम्ही एका दोनशे पानी वहीत उतरवत होता. वहीला खाकी कव्हर, कोपऱ्यात लेबल, आम्ही पोरं घालायचो अगदी तसंच. डिक्शनरीवाल्याने हे सगळे शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेत, तुम्ही म्हणालात, पण एसटी चुकणं आणि लेकीच्या लग्नाचा घोर एका बाकावर बसतील का रे?

मग माझा नंबर आला. मी ताठ उभी राहून म्हणाले, “ॲडव्हर्सिटी.” गाइडमधून पाठ करून आणला होता, स्पेलिंगसकट.

“हा कुणाच्या घरचा?” तुम्ही विचारलंत.

“आमच्या घरी काहीच तकलीफ न्हाई, सर.”

वर्ग हसला नाही, तेच जास्त लागलं. माझ्या वडलांनी लातूरजवळच्या मुरुडला दुसरं घर केलं होतं आणि ते आमच्याकडे फक्त दिवाळीला येतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि घरी येऊन या गोष्टीवर अवाक्षर काढायची नाही. तिला मी हा शब्द कुठल्या तोंडाने विचारणार होते? तुम्ही चष्मा वर केलात आणि म्हणालात, “बस. न्हाई म्हणायला बी घरात इचारावं लागतंय, बाळा. मनानं उत्तर लिहू नको.” त्या वाक्याचा मला इतका राग आला की पुढची दोन वर्षं मी तुमच्या तासाला वर पाहिलं नाही. दहावीच्या निकालादिवशी तुम्ही मला तुमचं पेन दिलंत, तेही मी नुसतं घेतलं, पाया पडले नाही.

अकरावीला लातूरला गेले. तिथे कुणी काही घरून आणायला सांगत नव्हतं. ट्रबल, डिफिकल्टी, हार्डशिप, ॲडव्हर्सिटी, सगळे एका ओळीत, स्वल्पविरामासकट. मला ते फार आवडलं. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. आज नांदेडला माझा स्वतःचा क्लास आहे आणि मीही रोज चाळीस शब्द ओळीने देते. पोरं पास होतात.

त्याच क्लासवर तुम्ही आला होता, रिटायर झाल्यावर. धोतर-टोपीवाले नव्हतात तुम्ही, पण चपला मात्र ऑफिसच्या बाहेर काढून आत आलात, आणि माझ्या शिपायाने तुम्हाला पालक समजून बाकावर बसवलं. पिशवीतून तीच खाकी वही काढलीत. तीस वर्षांचे शब्द होते तिच्यात. “छापता येतंय का बघ. घाई न्हाई.” माझी बॅच खोळंबली होती. मी म्हणाले, ठेवा सर, बघते. तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात, कारण मी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. वही कपाटावर ठेवली आणि एकदाही उघडली नाही. मे महिन्यात आम्ही पोरांनी मागे टाकलेल्या वह्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका रद्दीवाल्याला देतो. खाकी कव्हरच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ती गेली. सुतळी मीच बांधली होती, सर.

ते ध्यानात आलं तुमच्या पहिल्या फोनला. मी म्हणाले, छापायला दिलीय. दुसऱ्या फोनला म्हणाले, प्रुफं आलीत. तिसऱ्या फोनला तुम्हाला धाप लागत होती. “काय करायलीस?” म्हणालात. मी म्हणाले, प्रुफंच तपासतेय. तुम्ही खूश झालात. “ट्रबलचं पान तेवढं नीट बघ. तुझ्या आईचा शब्द हाय त्याच्यात. तू लातूरला गेल्यावर मी घरी जाऊन इचारला होता.” कोणता शब्द, एवढं विचारायचं होतं. पण प्रुफं समोर घेऊन बसलेल्या बाईने ते कसं विचारायचं? मी म्हणाले, हो सर, वाचला मी. तुम्ही म्हणालात, “मग झालं तर.” पुढच्या आठवड्यात तुम्ही गेल्याचं कळलं.

आईला विचारायला मला सहा वर्षं लागली. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात खाली बसून तुरीची डाळ निवडत होती. मी ओट्याकडे तोंड करूनच विचारलं, सर आपल्या घरी आले होते, तेव्हा तू त्यांना काय सांगितलंस?

“आले होते की. दारात बसले, चहा घेतला. तुमच्याकडं याला काय म्हणतात बाई, असं इचारलं. मी लई येळ बोलत बसले. मुरुडचं, तुझ्या बापाचं, समदंच. त्यांनी ऐकून घेतलं आन् एकच शब्द लिवला.”

“कोणता?”

“मला कुठं वाचता येतंय?” तिने सूप झटकलं. मग अगदी साध्या आवाजात, “तू इचारलं असतंस तर तुला बी सांगितलं असतं की.”

मग आता सांग, असं मी नंतर म्हटलं. ती म्हणाली, आता कशाला, झालं ते झालं. मला पश्चात्ताप होतो, सर, आणि तो तुमच्या वहीचा जास्त की आईला कधी न विचारल्याचा, हे मला अजून कळत नाही.

एक नवी वही आणलीय. खाकी कव्हर घातलं, लेबल लावलं. पहिल्या पानावर वर ट्रबल लिहिलंय. घोर, खोळंबा, आबदा, कष्टम, जाच, आठवले तेवढे उतरवले, प्रत्येक वेगळ्या ओळीत. खाली एक ओळ मोकळी सोडलीय. हे पत्रही त्याच वहीत ठेवेन. तुमच्या घरी पाठवता येण्यासारखं ते नाही, कारण परवा तिथूनच काकूंचा फोन आला होता. सरांचं पुस्तक कुठवर आलं, विचारत होत्या. मी म्हणाले, झालंच काकू, कव्हर तेवढं राहिलंय.