डबा तपासला, पास

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून डबे माझ्याकडे. बायकोला टपाल खात्यात सॉर्टिंगची पहाटपाळी लागली, साडेचारलाच घर सोडते. सहा आठवड्यांचा प्रश्न. जमेल ना, म्हणाली. नुसता हसलो.

मामला साधा आहे. थोरलीला (वय नऊ) ग्लुटेन चालत नाही. गहू, बार्ली असलं काही पोटात गेलं की पोट धरून बसते, वजन तर वाढतच नाही. धाकट्याला (वय सहा) दगडसुद्धा पचतात. म्हणजे एक डबा बिनगव्हाचा, एक कसलाही. सहा आठवड्यांनी थोरलीचं रक्त तपासायचं. आकडे उतरले नाहीत तर पुन्हा पोटात नळी घालून बघावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. त्या नळीच्या नावानंच पोर पांढरी पडते. तिला शब्द दिलाय: बाबा आहे ना!

लेबलांच्या छापखान्यात एकोणीस वर्षं प्रुफं तपासतोय. बाटली असो, पुडी असो, माझ्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय लेबल बाहेर पडत नाही. अशा माणसाला ग्लुटेन काय घाबरवणार?

४ फेब्रुवारी
तांदळाच्या पिठाचे पॅनकेक. पहिला तव्याला चिकटला. दुसरा पहिल्याला चिकटला. खरवडून डब्यात भरले. नवीनच पदार्थ निघाला.
दुपारी: डबा अर्धा परत. थोरली म्हणाली, छान होतं बाबा, जरासं खोडरबरासारखं. मुलांनी मोकळेपणानं बोलावं, मी त्याच मताचा आहे.

६ फेब्रुवारी
परवापासून रात्री जेवलो नाही. भूक नव्हती. रुसलो वगैरे काही नाही, बायको उगाच राईचा पर्वत करते.

१० फेब्रुवारी
दुखणं सापडलं. चव! बिनगव्हाचं अन्न बिचारं मिळमिळीत. उपाय: काळा सॉस. कपाटात बाटली होतीच, आणि तिचं लेबल आमच्याच छापखान्यातलं, माझ्याच हातून पास झालेलं. तरी खात्री म्हणून बाटली फिरवून पुन्हा पाहिली. मार्जिन समान, रंग जागच्या जागी, बारकोड सरळ. निर्दोष. उकडलेल्या बटाट्यांवर दोन चमचे ओतला.
दुपारी ४: डबा रिकामा!! चाटूनपुसून!
संध्याकाळी थोरली ओट्यापाशी उभी राहून सॉसचं लेबल वाचत होती. बराच वेळ. रक्त बोलतं ते असं.

१४ फेब्रुवारी
पाच दिवस, पाच रिकामे डबे. भाताला सॉस, अंड्याला सॉस, कटलेटमध्ये तर तीन चमचे. फ्रिजवर तक्ता लावला, रोज लाल टिक. बायकोला म्हटलं, काय ते कौतुक एकदाच करून टाक. ती म्हणाली, हं. पाळीनं दमते बिचारी.

२४ फेब्रुवारी
शाळेतून चिठ्ठी. शाळेच्या बागेतल्या कोंबड्यांना कोणीतरी घरचं मसालेदार अन्न घालतं, कोंबड्यांची पोटं बिघडली आहेत, पालकांनी मुलांना समज द्यावी. काय एकेक पालक असतात! कोंबडीनं खाऊ नये असलं अन्न पोराच्या डब्यात घालतातच कसे? थोरलीला मोठ्यानं वाचून दाखवली. ती खाली मान घालून ऐकत होती. फार हळवी आहे.

५ मार्च
थोरलीचे गाल भरलेत. छापखान्यातल्या मशीनवाल्याला म्हटलं, अनुभवावर एक छोटं पुस्तक काढावं म्हणतो. तो म्हणाला, काढा, पण प्रूफ दुसऱ्या कोणाला तरी द्या. जळतो मेला.

१२ मार्च
धाकट्याला विचारलं, ताईचा डबा बघून तुझ्या तोंडाला पाणी सुटतं की नाही? तो म्हणाला, मी काही सांगायचं नाही असं ठरलंय. लहान मुलांची गुपितं! हसू आलं.

१८ मार्च
लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

थोरलीला घेऊन आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रिपोर्ट उत्तम. आकडे भराभर उतरलेत, वजन सव्वा किलोनं वाढलंय, नळीची गरज नाही. थोरलीनं खुर्चीतच उडी मारली. मी पिशवीतून तक्ता काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वा, काय काय देता ते लिहून द्या, बाकीच्या पालकांना दाखवते. मी लिहायला बसलो. पहिल्याच पदार्थात सॉस आला. कोणता सॉस, त्यांनी विचारलं. बाटली बरोबर घेऊनच गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, बाटली फिरवली, मग माझ्यापुढे धरून म्हणाल्या, घटक पदार्थांतला दुसरा शब्द वाचा.
वाचला. गहू. ठळक अक्षरात.

रोज दोन चमचे, आणि तेही माझ्याच हातानं. पोरीकडे बघायची हिंमत होईना. तिनंच माझी बाही ओढली आणि म्हणाली, घाबरू नका बाबा, मी खाल्लंच नाहीये.

बाहेरच्या बाकावर सगळं बाहेर आलं. डबा काळा दिसला म्हणून पहिल्याच दिवशी तिनं तो कोंबड्यांना घातला, घरी येऊन लेबल वाचलं आणि आईला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बायको पहाटे चारला उठून दुसरा डबा करायची आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवून जायची. माझा डबा चिठ्ठी येईपर्यंत कोंबड्यांना आणि नंतर धाकट्याला. मला का नाही सांगितलं, मी विचारलं. बायको म्हणाली, खोडरबर म्हटलं तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, गहू म्हटलं असतं तर काय केलं असतंत?

म्हणजे पोर बरी झाली ती मी केलेलं न खाल्ल्यामुळे. तक्ता तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

१९ मार्च
छापखान्यात जुनी फाईल काढली. सॉसच्या लेबलाचं प्रूफ सापडलं. घटक पदार्थांच्या ओळीत 'गहू'भोवती लाल गोल. बाजूला माझ्या अक्षरात: हा शब्द ठळक करा. खाली सही, तारीख.
म्हणजे जगातल्या सगळ्या आईबापांना तो शब्द दिसावा याची सोय मीच केली होती. एकोणीस वर्षं लेबलं बघतोय. वाचलेलं एकही नाही.

२० मार्च. सकाळी ७
नवी व्यवस्था. डबे बायको आणि थोरली संध्याकाळीच करून ठेवणार. मी सकाळी झाकणं लावायची आणि डबे दप्तरात ठेवायचे. काम छोटं आहे, पण विश्वासाचं आहे. झाकण लावण्यात चुकणार काय?

त्याच दिवशी, १०.३०
मुलं गेल्यावर ओटा पुसायला घेतला. थोरलीच्या डब्याच्या जागी पावाचा चुरा दिसला. धाकट्याचा डबा तिच्या दप्तरात गेला होता! घरातल्या चपलांनिशी धावत सुटलो. अर्ध्या वाटेत एक चप्पल तुटली, ती हातात घेऊन पळालो.

शाळेच्या फाटकापाशी थोरली पायरीवर बसून धाकट्याशी डबा बदलत होती. मला पाहून म्हणाली, कळलं हो बाबा, मी बघितलं. रोज फाटकात डबा उघडून बघते, म्हणाली. माझ्यामुळे ना, मी विचारलं. तर म्हणाली, नाही, आईनं दिलेलासुद्धा बघते. सगळ्यांचाच बघावा लागतो.

रागानं नाही म्हणाली. बुटाची नाडी सुटली आहे हे सांगावं तसं म्हणाली. नऊ वर्षांची आहे. शब्द दिला होता मी, आणि पहारा ती देते आहे. डोळ्यांत पाणी आलं. धाकट्यानं विचारलं तर चपलेचा खिळा लागला म्हणून सांगितलं. थोरली म्हणाली, घरी जा बाबा, ऑफिसला उशीर होईल.

२१ मार्च
झाकणं आता थोरली लावते. माझ्याकडे दप्तराची चेन.
लावण्याआधी दोनदा तिला विचारलं.