हो म्हणणारा वाचक

प्रिय ठमे,

तुझा प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय चांगला आहे: म्हातारी माणसं ग्रंथालयात का येतात. पद्धतीचं प्रकरण मात्र लंगडं आहे. फोनवर मुलाखती घ्यायचं ठरवलंस आणि कारण दिलंस 'सोयीचे'. कोणाच्या सोयीचे, बाई? मी ग्रंथपालाचं शिकत होते तेव्हा आमच्या वर्गातही निम्म्यांनी प्रश्नावली निवडली ती सरांनी निवडली होती म्हणून, आणि उरलेल्यांनी ती टपालाने जाते, जागचं हलावं लागत नाही म्हणून. पद्धत प्रश्नाकडे बघून निवडायची असते, स्वतःच्या आळसाकडे बघून नव्हे. राग आला तर येऊ दे. आराखडा वाचताना मी आधी ग्रंथपाल, मग आई.

इकडे गच्चीची गळती थांबली. निवृत्त झाले तरी सकाळी ग्रंथालयात जातेच, कारण तुझ्या बाबांना जायचं असतं. नवी ग्रंथपाल गुणी आहे, फक्त पुस्तकं कपाटात कोंबते. बाबा खिडकीजवळ बसून वर्तमानपत्र उघडतात. दारावरचं यंत्र त्यांना वाचक म्हणून मोजतं. मी समोर विणत बसते आणि बघते. पान उलटत नाही. परवा अंकच उलटा धरला होता. सरळ करून दिला, तर म्हणाले, "आभारी आहे, बाई." लग्नाआधीही ते मला बाईच म्हणायचे. पुस्तक मुद्दाम मुदत उलटल्यावर आणायचे आणि मी रागावले की "चुकलं, बाई" म्हणून हसायचे. तेव्हा त्या शब्दात खोडी असायची. आता नुसता शब्द उरलाय.

रविवारी तू नमुन्यादाखल त्यांचीच मुलाखत घेतलीस आणि मला म्हणालीस, बाबा ठणठणीत आहेत, चटाचट उत्तरं दिली. मी शेजारीच होते गं. रोज जाता का? हो. तिथे बरं वाटतं? हो, हो, छान. बसायला जागा मिळते? हो, छान. तुझे सगळे प्रश्न असे, की 'हो' म्हटलं की भागावं. हो म्हणणारा माणूस फोनवर ठणठणीतच वाटतो. काही माणसं विचारून कळत नाहीत, त्यांच्याशेजारी बसावं लागतं. पुस्तकात त्याला निरीक्षण म्हणतात. घरात काय म्हणतात ते मला सापडलेलं नाही. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलंय, पण ते इथे लिहून काय सुधारणार आहे?

खरं सांगते, हे पत्र तुझ्या आराखड्यासाठी नाहीच. रविवारी तू फोन ठेवल्यावर मी त्यांना विचारलं, कोण होतं? म्हणाले, "कुणी मुलगी होती. फार मायेनं विचारत होती." मग म्हणाले, "बाई, तिला घरचं कोणी नसेल का हो?" तेव्हा सुट्टी काढ आणि ये. प्रश्न आणू नकोस. खुर्ची ओढ आणि त्यांच्याजवळ बस. अजून रोज दाढी झाली की न्हाणीघरातून "ठमे, टॉवेल!" अशी हाक येते. ठमी कोण, ते विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. टॉवेल मी नेऊन देते, पण ओ मला देता येत नाही. ती हाक आहे तोवर ये.

वाट बघणारी, तुझीच
आई