उपवासाचा भोपळा

१८ सप्टेंबर
सुट्टी टाकून सासूबाईंना दवाखान्यात नेलं. दम्याचा नवा पंप दिलाय – सकाळ-संध्याकाळ एकेक दाब. पंपाच्या मागच्या छोट्या खिडकीत उरलेल्या दाबांचा आकडा दिसतो, १२०. दाबला की एकाने उतरतो. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलंच, "ह्याच्यात दारू नसती ना?"

रक्तात अ जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, दम्याशी त्याचा संबंध असू शकतो, पण अजून खात्रीनं कुणी सांगत नाही. खाण्यात वाढवा, पंप मात्र सोडू नका. मला खाण्याचं ऐकून बरं वाटलं. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

२१ सप्टेंबर
आकडा ११२. नेमानं घेतायत. उद्या घट बसणार, आणि दम लागतो तरी नऊ दिवसांचे उपवास धरणारच. ज्ञानेश म्हणतो, "तूच सांग, तुझं ऐकते ती." आई ह्याची, समजवायची मी!

२२ सप्टेंबर
लाल भोपळा आणला. उपवासाला चालतो, अ जीवनसत्त्वही भरपूर. एका दगडात दोन पक्षी. वाढताना म्हटलं, "आई, पोटभर खा. हे औषधच आहे." त्यांनी वाटीला हात लावून नमस्कार केला.

२५ सप्टेंबर
भोपळा. पपई. पुन्हा भोपळा. चाकणहून यायला आज दोन तास. कंपनीत लाईनवर उभं राहून पाय सुजलेत. पंपाचा आकडा बघायचा राहिला. उद्या बघीन.

२८ सप्टेंबर
आई जिन्यात दोनदा बसल्या. म्हणाल्या, "उपासाचा थकवा हाय गं." मी स्वतःच इतकी थकलेली की लगेच पटलं. 

३० सप्टेंबर, अष्टमी
कंपनीतच फोन आला. आईंना एक शब्द बोलता येईना, ओठ निळे पडलेले. ज्ञानेशनं रिक्षातून दवाखान्यात आणलं. ऑक्सिजन लावलाय. मी आईंच्या पिशवीतून पंप काढून डॉक्टरांना दिला. त्यांनी तो उलटा करून मलाच दाखवला.

११२. घट बसल्यापासून हललाच नाही.

१ ऑक्टोबर
धाप थांबली. देवीची कृपा म्हणायची! डॉक्टरांनी विचारलं, "औषध का बंद केलंत?" आईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"बंद कुठं? पंप उपासाला चालत नाही म्हणून ठिवला. सून म्हणली, भोपळा औषधच हाय. रोज दोन वाट्या खाल्ला, सायेब. एकदाबी चुकवला नाही."