वहिनीची मर्यादा

नाही हो भावजी, अजून घेतलेलं नाही, आणि डोकंही जागेवर आहे. परवा फोनवर तुम्ही क्रेडिट कार्डाबद्दलच विचारत होतात ना? आवाज चढलेला वाटला, म्हणून म्हटलं उत्तर शांतपणे कागदावर द्यावं. तर वहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही घ्या. (नात्याने मी मोठी, वयाने तुम्ही; लागू पडेल ते ठेवा, उरेल ते जाऊबाईंना द्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंचा खोकला थांबला, की तुमच्याशी बोलावं लागू नये म्हणून अजून खोकतात?

माझी तब्येत ठणठणीत. फक्त डावा कान जरा आळशी झालाय, आणि तो आता धंद्याच्या आड यायला लागलाय. शाळेच्या मोठ्या बाई ड्रेस शिवायला टाकून गेल्या. जाता जाता दारातून म्हणाल्या, गळा लहान ठेवा. मी ऐकलं, गळा छान ठेवा. आता छान म्हटल्यावर मी हात आखडता घेते होय? असा गळा काढला, की तो बघून बाईंनीही गळा काढला. (त्यांच्या नवऱ्याची तक्रार आलेली नाही, हेही सांगून ठेवते.) कापड भरून द्यावं लागलं, आणि मी गेले कानाच्या डॉक्टरकडे. तो म्हणाला, मशीन लावा. दुकानात थोडा वेळ लावूनही दिलं. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं. कुणासाठी वाजवली देव जाणे, पण ऐकू आली मला. मग किंमत ऐकली, तीही नीट ऐकू आली. दुकानदार म्हणतो, बिनव्याजी हप्ते देतो, पण क्रेडिट कार्ड असेल तरच. एकरकमी द्यायचे तर यांनी मागे ठेवलेली ठेव मोडायला हवी, आणि तिला हात लावायला माझा जीव होत नाही.

म्हणून बँकेत गेले. काचेआड एक पोर बसलेली, बोलायला गोड पण आवाज मुंगीचा. माझे कागद बघून म्हणाली, मावशी, तुमची पत नाही. मी ऐकलं, पती नाही. म्हटलं, नाहीत गं बाळा, जाऊन बरीच वर्षं झाली. ती बिचारी कावरीबावरी झाली, सॉरी म्हणाली, आणि पुन्हा तेच, पत नाही. म्हटलं, अगं तेच सांगतेय, नाहीत. रांगेतल्या एका गृहस्थांनी उठून मला खुर्ची दिली. शेवटी ती काचेला तोंड लावून ओरडली, पत हो मावशी, पत. म्हणजे मी बिनपतीची आहे, तीही दोन्ही अर्थांनी, हे सगळ्या बँकेला कळलं. आणि पत का नाही, तर मी जन्मात कर्ज काढलं नाही. मी फेडणारी की बुडवणारी, बँकेला कळायला मार्ग नाही म्हणे. उधारीला घाबरून जगले त्याचं हे बक्षीस.

पण पोर हुशार. म्हणाली, ठेव तारण ठेवा, तिच्यावर कार्ड देतो. ठेव जागच्या जागी, व्याज चालू, आणि ठेवीहून थोडी कमी अशी तुमची मर्यादा. मला हसूच आलं. सासूबाई जन्मभर सांगत गेल्या, मर्यादेत राहा, पण किती ते कधी सांगितलं नाही. बँक निदान आकडा छापून देते. वर म्हणाली, वेळच्या वेळी भरत राहिलात तर मर्यादा वाढवूही. आपल्या घरात वेळेवर सगळं केलं की आणखी आवळायचे.

तुमची भीती मलाही आहे. वाण्याकडे उधारी करायची तर वाण्याचं तोंड बघावं लागतं, आणि ते तोंड बघून माणूस साखर परत ठेवतो. कार्डाला तोंडच नाही. बिलावर म्हणे 'कमीत कमी एवढे भरा' असं छापलेलं असतं. पोर म्हणाली, तिकडे बघूच नका, पूर्ण भरा, नाहीतर उरलेल्यावर व्याज चढतं. म्हणजे तुमच्या 'पाचच मिनिटं बसतो'सारखं; पुढे मुक्काम. म्हणून ठरवलंय, कार्डावर फक्त मशीन. हप्ता शिलाईच्या पैशांतून आपोआप जाईल, आणि चपलांच्या दुकानावरून जाताना कार्ड घरी कपाटात.

घेण्यासारखं आहे भावजी, मला पटलंय. पण ठेवीवर माझ्या शेजारी तुमचं नाव आहे (तुमच्या भावाचा माझ्यावर जीव होता, भरवसा नव्हता), तुमच्या सहीशिवाय पान हलत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी राहिले अशीच. कागद सोबत आहे, पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही करा.

तुमची,
अजून मर्यादेत असलेली वहिनी

ता. क. सही पूर्ण करा. नुसती शेपटी ओढलेली बँकेत चालत नाही.

ता. क. पुन्हा एकदा. डावाच कान नाही, दोन्ही गेलेत. गेलं वर्षभर तुम्ही फोनवर बोलता, थांबलात की मी हो म्हणते. परवाही दोन-तीनदा हो म्हटलं. कशाला म्हटलं तेवढं लिहून कळवा, जमीन-बिमीन देऊन बसले नसेन ना? तुम्ही कार्डाबद्दल बोलत होतात हासुद्धा माझा अंदाज. आणि धंद्याचं आहे तसं चालेल हो, गिऱ्हाइकांकडून लिहून घेता येतं. तुमचा आवाज फोनवर थेट यांच्यासारखा लागायचा. तो मला ऐकू येईनासा झालाय, म्हणून मशीन हवंय.